बेसबॉलमधला सर्वांत भारी हिटर: कॉब, रूथ, विल्यम्स की बाँड्स? नक्की कुठला आकडा धरायचा?

नववा डाव

मेजर लीगचा (अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीग मिळून होणारी अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल स्पर्धा) आजवरचा सर्वांत भारी हिटर कोण, याचा एकदाचा निकाल लावायचा आहे. पिचिंग, फील्डिंग, बेस चोरणं यातलं काहीच धरायचं नाही. बॅट हातात घेऊन प्लेटपाशी उभा राहिल्यावर काय केलं, तेवढंच.

अडचण अशी की आकडा बदलला की माणूस बदलतो. कारकिर्दीची सरासरी धरली तर टाय कॉब .३६६, रॉजर्स हॉर्न्सबी .३५८, टेड विल्यम्स .३४४, बेब रूथ .३४२, टोनी ग्विन .३३८. बॅरी बाँड्स .२९८ वर, म्हणजे या रांगेत कुठेच नाही. तेच ओपीएस (बेसवर पोचण्याचं प्रमाण अधिक स्लगिंग, म्हणजे दर अ‍ॅट-बॅटमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) लावला की रूथ १.१६४, विल्यम्स १.११६, बाँड्स १.०५१, आणि पहिल्या नंबरचा कॉब .९५० च्याही खाली. होमरन (सहसा कुंपणापार जाणारा, चारही बेस देणारा फटका) मोजले तर बाँड्स ७६२, हँक अ‍ॅरन ७५५, रूथ ७१४.

कुठला आकडा कशासाठी वापरायचा, आणि १९२० चा माणूस २०२० च्या माणसाशेजारी उभा करायचा तर काय काय दुरुस्त्या कराव्या लागतात? "आपापली आवड" असं उत्तर नको, तेवढं मलाही देता येतं.

आकडेमोड

सरासरीपासून सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. क्रिकेट बघणाऱ्याला सरासरी म्हटलं की धावा आठवतात. इथे धावांचा संबंधच नाही: हिट (फटका मारून बेस गाठणं) भागिले अ‍ॅट-बॅट (वॉकसारख्या काही सोडून बाकी खेपा, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या), बस्स. वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा फुकट पहिला बेस) मिळाला की ती खेप हिशेबातूनच गायब होते, म्हणजे वाईट चेंडू सोडण्याच्या कौशल्याला किंमत शून्य. आणि एका बेसची हिट नि होमरन, दोघांनाही गुण एकच.

कॉब आणि विल्यम्स घ्या. सरासरीत कॉब २२ पॉइंटांनी (एक पॉइंट म्हणजे .००१) पुढे. पण ओबीपी, म्हणजे बाद न होता बेसवर पोचण्याचं प्रमाण, कॉबचं .४३३ आणि विल्यम्सचं .४८२. प्रत्येकी ६०० खेपा धरल्या तर विल्यम्स साधारण २९ वेळा जास्त बेसवर उभा आहे, आणि तितक्या वेळा कमी बाद झाला आहे. वर स्लगिंग .५१२ विरुद्ध .६३४. कॉब थोर होताच, पण सरासरीच्या तक्त्यात वर आहे म्हणून सर्वांत भारी, हे टिकत नाही.

ओपीएसही वाटतो तितका सरळ नाही. ओबीपी आणि स्लगिंगची नुसती बेरीज करताना आपण दोघांचा एकेक पॉइंट सारख्याच किमतीचा धरतो. धावांच्या हिशेबात ओबीपीचा पॉइंट स्लगिंगच्या पॉइंटाच्या सुमारे १.८ पट मोलाचा असतो, कारण बाद न होणं म्हणजे इनिंग जिवंत ठेवणं. एक बॅटर .४००/.५००, दुसरा .३३०/.५७०. ओपीएस दोघांचा .९००. ओबीपीला १.८ ने गुणून बेरीज करा: १.२२० आणि १.१६४. पहिला स्पष्ट पुढे.

म्हणून वोबा वापरा. कल्पना सोपी आहे: प्रत्येक घटनेला तिने सरासरी किती धावा आणल्या त्यानुसार वजन द्यायचं. वजनं दर हंगामाला थोडी सरकतात, पण ढोबळमानाने वॉक ०.७, चेंडू अंगावर ०.७२, एका बेसची हिट ०.८८, दोन बेसची १.२५, तीन बेसची १.६, होमरन २.०. होमरन एका बेसच्या हिटच्या चौपट नाही, सव्वादोन पटीच्या आसपास आहे, हे लक्षात घ्या. स्लगिंग तिथेच फसवतं.

एकदा हाताने करून बघा. बाँड्स, २००४: ३७३ अ‍ॅट-बॅट, १३५ हिट. त्यातल्या एका बेसच्या ६०, दोनच्या २७, तीनच्या ३, होमरन ४५. वॉक २३२, पण त्यातले १२० मुद्दाम दिलेले, ते वगळायचे, राहिले ११२. चेंडू अंगावर ९, सॅक्रिफाइस फ्लाय ३.

वर: ११२ × ०.७ = ७८.४; ९ × ०.७२ = ६.५, ६० × ०.८८ = ५२.८, २७ × १.२५ = ३३.८, ३ × १.६ = ४.८; ४५ × २ = ९०. बेरीज २६६.३.
खाली: ३७३ + ११२ + ९ + ३ = ४९७.
उत्तर .५३६. वोबाचं माप ओबीपीसारखंच असतं, .३२० च्या आसपास सामान्य खेळाडू, .४०० म्हणजे तारा. .५३६ ला नाव शोधावं लागतं.

यानंतर दोन दुरुस्त्या: लीगची आणि मैदानाची.

लीगची दुरुस्ती का हवी ते दोन हंगामांत दिसतं. १९३० ला बिल टेरीने .४०१ मारले, नॅशनल लीगमधला शेवटचा चारशेवाला तोच. पण त्या वर्षी अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती! उलट १९६८ ला कार्ल यास्ट्रझेम्स्कीने अमेरिकन लीगचा बॅटिंगचा किताब .३०१ वर जिंकला, आणि तिथे लीगची सरासरी .२३०. भागाकार करा: टेरी १.३२, यास्ट्रझेम्स्की १.३१. शंभर पॉइंटांचा फरक होता तो बघता बघता विरघळला. (१९६८ नंतर पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन (चेंडू योग्य ठरण्याची चौकट) लहान केला, यावरून बॅटरची काय गत झाली होती ते कळतं.)

मैदानाच्या दुरुस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे पार्क फॅक्टर पूर्ण लावणं. खेळाडू निम्मेच सामने घरच्या मैदानावर खेळतो. मैदान धावा २० टक्क्यांनी वाढवत असेल तर दुरुस्ती १० टक्क्यांची. आणि एका वर्षाचा फॅक्टर धरू नका, हवामान नि नशिबाने तो हलतो. तीन वर्षांचा धरा.

ओपीएस प्लस आणि डब्ल्यूआरसी प्लस (वोबावरून काढलेल्या खेपेमागच्या धावा) यांत या दोन्ही दुरुस्त्या आयत्या मिळतात, १०० म्हणजे लीगच्या सरासरीइतका. पण रूथचा ओपीएस प्लस २०६ म्हणून "रूथ दुप्पट चांगला" असं म्हणू नका. ते सूत्र असं: लीगच्या तुलनेत ओबीपी किती पट, अधिक स्लगिंग किती पट, वजा एक, गुणिले १००. ओबीपी ४० टक्के जास्त आणि स्लगिंग ६० टक्के जास्त असलं की २०० होतात. दोन्ही दुप्पट असावी लागत नाहीत. "खेपेमागे दुप्पट धावा" असं म्हणायचं असेल तर डब्ल्यूआरसी प्लसच बघा.

माझा कौल: पूर्ण कारकीर्द धरली तर रूथ, चार वर्षांचं शिखर धरलं तर बाँड्स. आता या, भांडा.

डावखुरा

येतोच. वरचा हिशेब मान्य, निकाल अमान्य. विल्यम्सची कारकीर्द जशी आहे तशी मोजणं हीच मुळात चूक आहे.

१९४३, ४४, ४५ हे तीन हंगाम पूर्ण युद्धात गेले. वय २४ ते २६. पुढे कोरियाचं युद्ध: १९५२ ला ६ सामने, १९५३ ला ३७. आता लोक काय करतात, गेलेल्या वर्षांचे होमरन जोडत बसतात. तेही करून बघा: १९४२ ला ३६ होमरन, १९४६ ला परतल्यावर ३८. मधल्या तीन वर्षांना ३७ चा दर लावला तर १११, कोरियाची दोन वर्षं जरा हात आखडून धरली तरी ५२१ चा आकडा साडेसहाशेच्या पुढे जातो. पण खरा मुद्दा दराचा आहे. ओबीपी, स्लगिंग हे दर आहेत, सामने कमी झाले म्हणून ते घसरत नाहीत. मात्र कारकिर्दीच्या सरासरीत तारुण्याची तीन वर्षं नाहीत आणि चाळिशीची वर्षं आहेत. म्हणजे .४८२ हा आजही विक्रम असलेला ओबीपी त्याच्या उत्तम वर्षांना वगळून आलेला आहे. रूथच्या बाबतीत असं काही झालं नाही.

१९४१ चे .४०६ सगळ्यांना पाठ असतात, त्यातली एक गोष्ट मात्र निसटते. आज खोल उडालेल्या चेंडूवर बाद होऊन तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी आला तर ती सॅक्रिफाइस फ्लाय धरतात, अ‍ॅट-बॅट लागत नाही. १९४१ ला हा नियम नव्हता (१९५४ ला परत आला), तसे सगळे झेल त्याच्या खात्यात साधे बाद म्हणून गेले. आजच्या नियमाने तो आकडा .४०६ च्या वरच निघेल.

शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, तो ४४८ मध्ये १७९ वर होता. म्हणजे .३९९५५, कागदावर .४०० लिहून बाकावर बसता आलं असतं. दोन्ही सामने खेळला, ८ मध्ये ६ हिट, आणि ४५६ मध्ये १८५ वर थांबला. ओबीपी .५५३, १४७ वॉक. आणि १९५७ ला, ऑगस्टमध्ये ३९ पूर्ण झाले त्या हंगामात, .३८८: ४२० मध्ये १६३. आणखी पाच हिट पडल्या असत्या तर पुन्हा चारशे.

आता तंत्र. विल्यम्सने स्ट्राइक झोनचे रुंदीत ७ आणि उंचीत ११ असे ७७ चेंडूंएवढे तुकडे पाडून प्रत्येक जागी आपली सरासरी किती पडेल ते मांडलं होतं. मध्यभागी .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. म्हणजे दोन स्ट्राइक पडेपर्यंत तो कोपरा सोडायचा, कारण तिथे बॅट घालणं हे स्वतःहून सामान्य खेळाडू होणं आहे. दुसरं, "बॅट वरून खाली आणा" असं सर्रास शिकवलं जायचं, तेव्हा तो बॅट किंचित वर चढत जाऊ दे म्हणायचा. कारण साधं आहे: पिचर उंचवट्यावरून टाकतो, चेंडू खाली उतरत येतो, बॅट त्याच उताराच्या रेषेत उलटी आली तर दोघांची गाठ पडायला लांब पट्टा मिळतो. वरून खाली मारलं तर गाठ एकाच बिंदूत, जरा वेळ चुकली की जमिनीवर घरंगळणारा चेंडू. आज सगळे लाँच अँगलच्या (चेंडू बॅटवरून उडण्याचा कोन) नावाखाली हेच करतात.

नववा डाव

सॅक्रिफाइस फ्लायचं माहीत नव्हतं. मग कॉबच्या .३६६ मध्ये पण असंच काही असेल? काही ठिकाणी .३६७ दिसतं.

आणि जॉश गिब्सनचं काय? मेजर लीगच्या नोंदीत आता तोच वर आहे.

आकडेमोड

.३६६ की .३६७ हा वाद वेगळा. १९१० च्या हंगामातला एक सामना, ३ मध्ये २ हिट, कॉबच्या खात्यावर दोनदा चढला होता. सापडला कित्येक दशकांनी. म्हणून काही ठिकाणी ४१९१ हिट दिसतात, काही ठिकाणी ४१८९. तुमच्या प्रश्नाला काही फरक पडत नाही.

गिब्सनचं जरा सावकाश सांगतो. २०२० च्या अखेरीस मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीगना (बंदीमुळे वेगळ्या चालणाऱ्या काळ्या खेळाडूंच्या लीग) मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदीत आले. तेव्हा त्यात गिब्सन सरासरी .३७२, स्लगिंग .७१८, ओपीएस १.१७७. तिन्हींत पहिला, म्हणजे कॉबही मागे आणि रूथही.

त्या लीगचे नोंदलेले हंगाम छोटे असायचे, ६० ते ८० सामन्यांचे. बाकी वर्षभर हेच खेळाडू गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत आणि ते धरलेले नाहीत. छोट्या नमुन्यात आकडा किती हलतो? खरी क्षमता .३५० असलेला बॅटर २५० अ‍ॅट-बॅटमध्ये निव्वळ नशिबाने ३० पॉइंट इकडे-तिकडे सहज जातो. ५५० मध्ये हाच हेलकावा २० पॉइंटांवर येतो. म्हणून गिब्सनचे १९४३ चे .४६६ एकटे उचलून विल्यम्सच्या .४०६ शेजारी ठेवू नका. कारकिर्दीचे आकडे ठेवा, तिथे हेलकावा बराच विरतो.

पण ही सावधगिरी एकाच बाजूने वापरली की ती लबाडी होते. गिब्सनला गोऱ्या लीगचे पिचर मिळाले नाहीत हे खरं, तसेच रूथला काळ्या लीगचे मिळाले नाहीत. शिवाय गिब्सन कॅचर होता: प्रत्येक सामन्यात शे-दीडशे वेळा उकिडवं बसून, बोटं सुजवून घेऊन मग बॅट धरायची. बाकी ज्यांची नावं इथे चालली आहेत त्यांतला एकही कॅचर नाही. जानेवारी १९४७ मध्ये तो ३५ व्या वर्षी गेला. काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेजर लीगच्या मैदानात उतरला.

उजवं मैदान

बाँड्सबद्दल कुणी सरळ बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

२८ मे १९९८. नववी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, अ‍ॅरिझोना ८-६ ने पुढे. बाँड्स आला. अ‍ॅरिझोनाचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे एक धाव हातावर ठेवली, ८-७ करून घेतलं आणि पुढच्या ब्रेंट मेनला टाकलं. मेनचा फटका उजव्या मैदानात झेलला गेला, सामना संपला. तारीख बघा: १९९८. ज्या बाँड्सवर उत्तेजकांची शंका घेतात तो अजून यायचा होता.

संशयावर उपाय म्हणून कारकीर्द दोन तुकड्यांत मोजा. १९९८ अखेरपर्यंत ४११ होमरन, सरासरी/ओबीपी/स्लगिंग .२९०/.४११/.५५६, तीन वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू). एवढ्यावर तो हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलचं सन्मानदालन) दारात आहे, पण रूथ-विल्यम्सच्या पंक्तीत नाही. २००१ ते २००४ या चार वर्षांत .३४९/.५५९/.८०९ आणि चारही एमव्हीपी. वय ३६ ते ४०. या वयात कुणी असा चढत नाही, विल्यम्सचा १९५७ चा हंगाम हा अपवाद होता. शिक्षा असलेली उत्तेजक चाचणी मेजर लीगमध्ये २००४ पासून आली, तेव्हा त्या काळात किती पिचरही त्याच गोटातले होते हे मोजायला काही साधन नाही. हॉल ऑफ फेमच्या लेखक-मतदानात शेवटच्या संधीला, २०२२ ला, त्याला ६६ टक्के मिळाले, लागतात ७५.

मात्र उत्तेजकांनी काय होतं आणि काय नाही हे वेगळं ठेवा. झोनच्या दोन इंच बाहेरचा चेंडू सोडायचा निर्णय स्नायू घेत नाहीत. ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटल्यावर प्लेटवर यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरण्यात जातात. उरलेल्या पाव सेकंदात ओळख आणि निर्णय. २००४ ला ४५ होमरन आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) फक्त ४१. होमरनपेक्षा स्ट्राइकआउट कमी! ताकदीमुळे झेल होणारे चेंडू कुंपणापार गेले असतील, मान्य. नजर मात्र त्याची पहिल्यापासूनच होती.

आता मुद्दाम दिलेल्या वॉकचा हिशेब. २००४ चा ओबीपी .६०९, म्हणजे ६१७ मध्ये ३७६. "त्यातले १२० फुकटचे" असं लगेच कुणीतरी म्हणतं. काढून टाका: ४९७ मध्ये २५६, .५१५. फुकटचे काढूनही दोनांत एकदापेक्षा जास्त. पण हेही मान्य करतो की .५१५ हे विल्यम्सच्या .५५३ च्या खाली आहे, आणि विल्यम्सच्या काळात मुद्दाम दिलेले वॉक वेगळे नोंदवतच नसत (ती नोंद १९५५ पासून), तेव्हा त्याचे तेवढे काढताच येत नाहीत. डावखुरा, हा तुमच्यासाठी.

डावखुरा

पावलो.

पिंपळपान

रूथबद्दल दोन आक्षेप नेहमीचे असतात, त्यातला एक चुकीचा आणि एक बरोबर.

चुकीचा आक्षेप: यँकी स्टेडियमचं उजवं कुंपण जवळ होतं, डावखुऱ्या रूथला आंदण मिळालं. १९२७ चे ६० होमरन घ्या. घरी २८, बाहेर ३२. पूर्ण कारकिर्दीत घरी ३४७, बाहेर ३६७. विषय संपला. त्या मैदानाने खरं नुकसान केलं ते यँकीजच्याच, उजव्या हाताने खेळणाऱ्या जो डिमॅजिओचं, कारण डावीकडचा मधला भाग ४५७ फुटांवर होता. आणि ओपीएस प्लसचा पार्क फॅक्टर डाव्या-उजव्याला एकच लावतात, त्यामुळे त्याचं नुकसान तिथेही पूर्ण भरून निघत नाही.

बरोबर असलेला आक्षेप स्पर्धेचा. आठ संघांची लीग, काळ्या खेळाडूंना बंदी, सगळे सामने दिवसा, आणि थकलेला पिचर नवव्या इनिंगपर्यंत मैदानावर. आज पिचरला तिसऱ्यांदा तोच बॅटर आला की मॅनेजरचा हात फोनकडे जातो, कारण तिसऱ्या गाठीला बॅटरचे आकडे चांगलेच वाढतात. रूथला चौथी गाठही त्याच पिचरशी मिळायची.

याचा परिणाम आकड्यांत कसा दिसतो? लीगमध्ये कच्चे खेळाडू जास्त असले की सरासरी खाली राहते आणि सर्वांत चांगला माणूस तिच्यापासून फार लांब दिसतो. जसजशी भरती रुंदावली, प्रशिक्षण सुधारलं, तसतसे कच्चे गळाले आणि सगळेच एकमेकांजवळ सरकले. चारशेवाले संपले ते बॅटर बिघडले म्हणून नव्हे. लीगची सरासरी दोनशेसाठच्या आसपासच घुटमळत राहिली, फक्त टोकं आत आली. म्हणून सरासरीशी नुसता भागाकार पुरत नाही, तेव्हाच्या खेळाडूंमधला पसाराही बघावा लागतो. वरचा टेरीचा भागाकार चांगला आहे, पण अर्धाच.

इतकं सगळं वजा करूनही १९२० चं काय करायचं ते सांगा. त्याआधी एका हंगामाचा विक्रम २९ होमरनचा, तोही रूथचाच, १९१९ चा. १९२० ला त्याने ५४ मारले. अमेरिकन लीगमधल्या बाकी सात संघांपैकी एकाही संघाला, सगळे खेळाडू मिळून, ५४ जमले नाहीत. स्पर्धा कच्ची होती तर ती बाकीच्यांसाठीही कच्चीच होती. मग दुसऱ्या कुणाला तीस तरी का जमले नाहीत? त्याने मोडलं ते गणितच. बॅट दांड्याच्या टोकाशी धरून पूर्ण जोराने फिरवायची आणि जास्त स्ट्राइकआउट पत्करायचे, हा सौदा परवडतो हे आधी कुणी धावांत मोजलं नव्हतं.

आणि पिचर म्हणून मिळवलेले ९४ विजय यात मोजायचे नाहीत, ते प्रश्नातच बाद केलेत. लोक मध्येच घुसडतात म्हणून सांगितलं.

शेंडेफळ

आजचा माणूस कुणी घेणारच नाही का? अ‍ॅरन जज, २०२४: .३२२/.४५८/.७०१, ५८ होमरन. २०२५: .३३१/.४५७/.६८८, ५३ होमरन आणि वर बॅटिंगचा किताब. २०२४ ला पूर्ण मेजर लीगची सरासरी .२४३. आकडेमोड यांचा भागाकार लावा: .३२२ भागिले .२४३ म्हणजे १.३२५. बिल टेरीच्या चारशेएकइतकाच! आणि खरं तर जास्त, कारण १९३० च्या .३०३ मध्ये पिचरच्या बॅटिंगचं ओझं आहे. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी डीएच (फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) खेळतो, म्हणजे जजची तुलना फक्त खऱ्या बॅटरशी होते.

"स्ट्राइकआउट किती करतो" हे मात्र सांगू नका. २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत ४७६, टोनी ग्विनने वीस वर्षांत केले ४३४, हे माहीत आहे. पण बाद म्हणजे बाद. जमिनीवरचा चेंडू मारून बाद होण्यात कधी बेसवरचा खेळाडू पुढे सरकतो, तर कधी डबल प्ले होऊन दोघं जातात. दोन्हींची वजाबाकी केली की स्ट्राइकआउट इतर बादपेक्षा नखभरच महाग पडतो.

उजवं मैदान

हिशेब बरोबर. पण जज अजून खेळतोय. कारकिर्दीचे दर पस्तिशीनंतर उतरतात, म्हणून चालू खेळाडूचे आजचे दर निवृत्त खेळाडूच्या पूर्ण दरांशेजारी ठेवले की चालू खेळाडू फुगलेला दिसतो. प्रत्येकाचे त्याच वयापर्यंतचे आकडे लावा, मग बोलू.

ग्विनचं नाव निघालंच आहे तर, "हिटर" म्हणजे बॅट चेंडूला लावणारा असा जुना अर्थ धरला तर माझ्या लेखी तोच. १९९५ च्या पूर्ण हंगामात १५ स्ट्राइकआउट. पिचर ग्रेग मॅडक्सने त्याला कारकिर्दीत एकदाही स्ट्राइकआउट केलं नाही. होमरन जेमतेम १३५, म्हणून वोबात तो मागे पडतो आणि पडायलाच हवा, पण बॅटची अशी अचूकता दुसऱ्या कुणाची दिसत नाही.

आणि नववा डाव, होमरनची नुसती बेरीज काढून टाका तक्त्यातून. ती मोजते टिकाऊपणा. तसं मोजायचंच तर अ‍ॅरनचं असं मोजा: ३७७१ हिटमधले ७५५ होमरन पुसले तरी ३०१६ हिट उरतात.

नववा डाव

ठीक. तक्त्यात डब्ल्यूआरसी प्लस, शेजारी ओबीपी, एक रांग कारकिर्दीची आणि एक सर्वोत्तम पाच हंगामांची. बाँड्स दोन तुकड्यांत, विल्यम्सच्या गेलेल्या वर्षांपुढे रिकामी चौकट, गिब्सनच्या पुढे खेपांची संख्या.

एक उरलं. सर्वोत्तम हंगाम निवडताना किमान खेपा किती धरू? शंभर-दोनशे खेपांचे हंगाम आले तर सगळंच बिघडेल.

आकडेमोड

लीगचाच नियम लावा: संघाच्या ठरलेल्या सामन्यांच्या ३.१ पट. १६२ सामन्यांना ५०२. मात्र १९६० पर्यंत हंगाम साधारण १५४ सामन्यांचा होता, तिथे ४७७. नीग्रो लीगला त्या हंगामाच्या सामन्यांच्या पटीत.

आणि काठावरचा माणूस सरळ उडवू नका. १९९६ ला ग्विनच्या ४९८ खेपा झाल्या, चार कमी. नियमात तरतूद आहे: कमी पडलेल्या खेपा शून्य हिटच्या धरून भरा आणि तरीही तो पुढे असेल तर किताब त्याचा. ४५१ मध्ये १५९ म्हणजे .३५३, चार फुकट अ‍ॅट-बॅट घातले तर ४५५ मध्ये १५९, .३४९. दुसरा एलिस बर्क्स .३४४ वर होता. किताब ग्विनचा. तुमच्या तक्त्यातही कमी खेपा अशाच शून्याने भरा, विल्यम्सचे ३७ सामने आपोआप जागेवर बसतील.